सोडा की रोखा? कानाचं मशीन काढून एमआरआय करताना

सांगलीच्या या एमआरआय सेंटरला पाचपैकी चार तारे दिलेत, आणि ते दुसऱ्या फेरीचे आहेत. पहिल्या फेरीच्या संध्याकाळीच लिहायला बसलो असतो तर एकावर थांबलो असतो. दोन्ही वेळा यंत्र तेच होतं, खोलीही तीच. फरक पडला तो आत जाण्याआधीच्या दहा मिनिटांत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्या कानाला मशीन आहे, किंवा ज्यांच्या आईवडिलांच्या कानाला आहे, त्यांनी सांगलीला अपॉइंटमेंट घेण्याआधी हे वाचावं.

मी विट्याचा, वय ६१. अठ्ठावीस वर्षं साध्या यंत्रमागावर काढली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो, नंतर स्वतःचे आठ माग टाकले. ज्यानं मागाचं शेड आतून बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. वर पत्रा, खाली आठ माग, प्रत्येकावर धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारा लाकडी ठोकळा, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडं फेकला जातो आणि दर फेकीला ठोका बसतो. सगळा मिळून शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे हे मला कान गेल्यावर कानाच्या डॉक्टरांकडून कळलं. आमच्याकडं कानात बोळा घालायची पद्धतच नव्हती. माग आवाजावर सांभाळायचा असतो. कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही, कुठला पट्टा सैल झालाय, हे मी पाठमोरा उभा राहून सांगायचो. त्याच आवाजानं कान खाल्ला.

२०१९ साली दोन्ही कानांना मशीन घेतली, कानामागं बसणारी, आत साचा असलेली. माझ्या तपासणीच्या कागदावर रेघ सुरुवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात जाते. आवाजानं कान गेलेल्यांचा कागद असाच दिसतो म्हणे. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की जाड आवाज येतो, बारीक येत नाही. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. स, श, ख, फ ही अक्षरं तर मशीन काढलं की माझ्यापुरती नसतातच. समोरचा बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते ओठांवरून जुळवावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं घोडं इथंच अडलं.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कमी ऐकू येण्याची व्याख्या दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलचा तोटा अशी आहे. माझा तोटा ५५ वर आहे. त्यामुळं दाखवायला कार्ड नाही, सर्टिफिकेट नाही. जिथं जाईन तिथं तोंडानं सांगावं लागतं, आणि मशीन लावून मी नीट उत्तरं देतो म्हटल्यावर समोरच्याला वाटतं, यांना ऐकू येतंय की.

दिवाळीनंतर पोटात उजवीकडं बरगडीखाली कळा यायला लागल्या. पाठोपाठ डोळे पिवळे झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पित्ताची नळीही फुगलेली दिसली. पण नळीच्या खालच्या टोकाला खडा अडकलाय का हे आतड्यातल्या गॅसमुळं स्पष्ट होईना. डॉक्टरांनी एमआरसीपी लिहून दिली. हा एमआरआयचाच प्रकार आहे. यात पित्त पांढरं उजळून दिसतं आणि खडा असला तर त्यात काळा उमटतो. किरण नाहीत, आणि मला तरी औषधाची सुईसुद्धा लागली नाही. फक्त चार-सहा तास उपाशी राहायचं.

यात एक अडचण असते. श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं, त्याबरोबर नळीही हलते. म्हणून काही फोटोंना श्वास रोखून पडावं लागतं, कधी पंधरा-वीस सेकंद. आणि तो कधी रोखायचा, कधी सोडायचा, हे बाहेरच्या खोलीतून माईकवर सांगतात. गुडघ्याच्या किंवा कमरेच्या एमआरआयला हे काही नसतं, नुसतं निपचित पडायचं असतं. पोटाचा असेल तर ऐकू येण्यावर काम चालतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे सांगली-मिरज हे ठरलेलं आहे. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला, तेव्हापासून बैलगाडी करून माणसं यायची, असं आमचे आजोबा सांगायचे. आम्ही पहाटेची एसटी धरली, तासगाववरून. साठेक किलोमीटर, पोटात पाण्याचा थेंब नाही. बायको बरोबर होती.

काउंटरवर टोकन दिलं आणि बसायला सांगितलं. फॉर्म चांगला सविस्तर होता. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, कुठं रॉड-प्लेट आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, सगळं विचारलेलं. कानाच्या मशीनचा रकाना नव्हता. मी खाली मोकळ्या जागेत स्वतः लिहिलं, ‘दोन्ही कानांना मशीन आहे’. ते कुणी वाचलं असं वाटत नाही.

टोकन तोंडानं पुकारत होते. दोन वेळा माझा नंबर गेला. बायको तेवढ्यात बाहेर फोनवर होती.

मग कपडे बदलायच्या खोलीपाशी एका मुलानं माझ्या कानाकडं बोट दाखवलं आणि काढा म्हणून खूण केली. काढायला पाहिजेच, त्याबद्दल तक्रार नाही. दारावर १.५ टेस्ला लिहिलं होतं. पृथ्वीचं जे चुंबकपण आहे त्याच्या साधारण तीस हजार पट. आणि हे चुंबक फोटो काढतानाच चालू होतं असं नाही, ते रात्रंदिवस चालू असतं, लाइट गेली तरी. कानाच्या मशीनच्या पोटात जो इवलासा स्पीकर असतो तो चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचाच असतो. आत नेला तर कामातून जाणार, वर मशीन कानातून ओढलं जाण्याची भीती. माझ्या दोन मशीनना मिळून साठ हजार पडलेत.

अडचण काढण्याची नव्हती, कधी काढलं त्याची होती. मशीन काढून डबीत ठेवलं आणि त्यानंतर त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. तोंडाला मास्क. म्हणजे कान गेलेच होते, ओठही गेले. मी मान हलवत राहिलो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ही सवय लागते. पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटते आणि मान आपोआप हलते. घरच्यांनी हे ओळखायला शिकावं. माणूस हो म्हणतोय म्हणजे त्याला कळलंय असं धरून चालू नये.

हातात रबरी फुगा दिला. मला वाटलं बीपीचा काहीतरी प्रकार असेल. तो त्रास झाला तर दाबायचा असतो, दाबला की बाहेर घंटा वाजते, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. म्हणजे पहिल्या दिवशी आत काही झालं असतं तर मदतीची दोरी माझ्या हातात होती आणि मला ती माहीत नव्हती.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट. बायकोला कानात घालायचे स्पंजचे बोळे टेबलावर दिसले. तिनं विचारलं, यांना नाही का घालायचे? त्या मुलानं हात हलवून नको म्हटलं. मला फक्त तो हात दिसला. तो काय बोलला ते बायकोनं एसटीत सांगितलं: “त्यांना ऐकूच येत नाही की, मग बोळे कशाला?”

यावर थांबून लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण असा समज असलेला तो एकटा नाही. माझे सख्खे भाऊसुद्धा असंच म्हणाले. कमी ऐकू येणं म्हणजे सगळा आवाज सारखा बारीक होणं नव्हे. माझा हलका आवाज गेलाय, मोठा आवाज जसाच्या तसा आहे. कुजबुज येत नाही, पण शेजारी ताट पडलं तर तुमच्याइतकंच, कधी तुमच्यापेक्षा जास्त, कानात घुसतं. ऐकू येण्याची पायरी वर गेली, सहन होण्याची पायरी तिथंच राहिली. मधली जागा चिंचोळी झाली, एवढंच. आणि मोठ्या आवाजानं जे बिघडायचं ते माझ्या कानात अजूनही बिघडू शकतं. जे काही शिल्लक असेल ते माझं सगळं आहे. मशीन त्यावरच चालतं. ते गेलं तर लाखाचं मशीनही काही कामाचं नाही.

आणि एमआरआयचा आवाज साधा नसतो. मोठ्या चुंबकाच्या आत तारेची वेटोळी असतात, त्यांतला करंट क्षणाक्षणाला चालू-बंद-उलटा होतो. प्रत्येक वेळी त्या वेटोळ्याला चुंबकाचा धक्का बसतो आणि ते हादरतं. तो हादरा म्हणजेच तो आवाज. शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. म्हणून सगळ्यांनाच बोळे किंवा कान झाकणारे मफ, शक्यतो दोन्ही, द्यायचे असतात. ‘सगळ्यांना’ यात आम्ही येतो.

आवाज सुरू झाला आणि मी शेडमध्ये गेलो. खोटं नाही सांगत. ठक-ठक-ठक-ठक, मध्येच पट्टी बदलून घर्र, पुन्हा ठोके. डोळे मिटले तर आठही माग सुरू आहेत असं वाटावं. माग विकून चार वर्षं झाली, मला वाटलं होतं तो आवाज आता आयुष्यात पुन्हा वाट्याला येणार नाही. अठ्ठावीस वर्षं कानात बोळा घातला नाही याची हळहळ मला रोज आहे, आणि आता बोळे टेबलावर पडलेत आणि मी बोगद्यात उघड्या कानांनी पडलोय.

मध्ये आवाज थांबायचा आणि वरून माईकवर कुणीतरी बोलायचं. मला ऐकू यायचं ते असं: ‘आ... ओ-आ.’ थोड्या वेळानं परत: ‘आ... ओ-आ.’

आता तुम्हीच म्हणून बघा. श्वास सोडा. श्वास रोखा. दोन्हींतली व्यंजनं काढून टाका. काय उरतं? सोडा म्हणजे ओ-आ. रोखा म्हणजेही ओ-आ. मराठीत या दोन हुकमांचे स्वर अगदी एक आहेत आणि अर्थ उलटे आहेत. माझ्यासारख्याला माईकवरून यातला फरक कळणं शक्यच नाही. मी अंदाजानं करत गेलो. ते रोखा म्हणाले तेव्हा मी सोडला असणार, सोडा म्हणाले तेव्हा छाती भरून धरून बसलो असणार. एकदा इतका वेळ रोखला की डोळ्यांपुढं अंधारी आली.

पाऊण तासानं बाहेर काढलं. फोटो हलले होते, नळीचे तर पार पुसलेले. बायकोला सांगितलं, “बाबा सहकार्य करत नाहीत, परत यावं लागेल.” हे वाक्य मला तोपर्यंत मशीन चढवलेलं असल्यानं स्पष्ट ऐकू आलं. फार लागलं. मी उपाशीपोटी साठ किलोमीटर येऊन, जीव जाईस्तोवर श्वास रोखून, सहकार्यच करत होतो. संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कमी झाली, तोवर मी मशीन लावायलाच घाबरत होतो.

मुलीनं दुसऱ्या दिवशी सेंटरला फोन केला. भांडली नाही, फक्त जे घडलं ते ओळीनं सांगितलं: बोळे दिले नाहीत, फुगा कशाचा ते समजलं नाही, सूचना मशीन काढल्यावर दिल्या. इथून पुढं मला सेंटरचं मनापासून कौतुक करायचंय. त्यांनी बाजू मांडत बसण्याऐवजी सरळ मान्य केलं की चुकलं. गुरुवारी दुपारी दोनला या, तेव्हा गर्दी नसते, पैसे घेणार नाही, असं सांगितलं. आणि त्या दिवशी फॉर्मवर माझ्या नावापुढं लाल पेनानं लिहिलेलं होतं: ‘कानाचं मशीन – आधी बोलणे.’

त्या दिवशी एक टेक्निशियन ताई होत्या. नाव लिहीत नाही, पण सेंटरच्या मालकांनी हे वाचलं तर त्यांना कळेल. त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, मास्क हनुवटीखाली घेतला आणि म्हणाल्या, “काका, मशीन अजिबात काढू नका. आधी सगळं ठरवू, मग काढू.”

एवढं एक वाक्य. माझा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

त्यांनी फुगा हातात देऊन दाबायला लावला, बाहेर घंटा वाजलेली मला ऐकवली. पोटावर फोटो टिपणारी कॉइल येणार, त्याखाली श्वास मोजणारा पट्टा येणार, तो का ते सांगितलं. एकूण किती वेळ, त्यात श्वास रोखायचे फोटो किती, हे एका पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं. मग म्हणाल्या, माईकवर मी बोलणारच नाही, बोलून उपयोग नाही. काकूंना आत उभं करू. एमआरआयला किरण नसल्यानं नातेवाईक आत थांबू शकतो, फक्त त्याच्याही अंगावर धातू नको आणि त्याचाही फॉर्म भरावा लागतो.

त्यामुळं बायकोची तयारी माझ्यापेक्षा मोठी निघाली. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, केसांतल्या पिना, साडीच्या तीन सेफ्टी पिना. जोडवी निघेनात. ३८ वर्षांत काढलेली नाहीत. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे आमच्या खानापूर तालुक्यात पोरालाही ठाऊक असतं, आमच्याकडची किती घरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. पण बाजारच्या जोडव्यात चांदीबरोबर काय मिसळलंय कुणाला माहीत, असं ताई म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. साबणाचं पाणी लावून, दहा मिनिटं खटपट करून निघाली. तिच्या बोटावर पांढरी वळी राहिली होती. ती जोडवी आणि माझ्या मशीनची डबी एकाच लॉकरमध्ये ठेवली, किल्ली काउंटरवर दिली.

मग बाहेरच्या बाकावर मला मशीनसकट आडवं करून तालीम घेतली. बायको माझ्या पायाशी. ताई काचेपलीकडून हात दाखवणार, बायको माझ्या नडगीवर दोनदा थापटणार: श्वास घेऊन पूर्ण सोड. मग हात घट्ट दाबणार: थांब. दाबलेला आहे तोवर थांबायचं. हात उचलला की मोकळा. तीनदा केलं. चौथ्यांदा मशीन काढून केलं.

हे आम्हाला शिकवायला लागलं नाही. बायको माझ्या शेडमध्ये धोट्यात बसणाऱ्या दोऱ्याच्या कांड्या भरायची. आठ माग चालू असताना तोंडानं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. वीस वर्षं आम्ही शेडमध्ये हातानंच बोललो. कांडी संपली, चहा आलाय, पोरगं शाळेतून आलंय, याची प्रत्येकाची खूण होती. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग तुम्हीच मला शिकवा.

बोळे त्यांनी स्वतः घातले, मला आणि बायकोलाही. घालायची रीत असते: बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर उपयोग नाही. वरून मफ चढवला.

आत गेल्यावर आवाज पुन्हा तोच, पण लांबचा. शेजारच्या गल्लीत कुणाचे तरी माग चालू असावेत तसा. आणि नडगीवर तिचा हात. दोन थापट्या. श्वास घेतला, सोडला. हात दाबला गेला. चार बोटं आणि अंगठा वेगवेगळा कळत होता. ठक-ठक-ठक चाललंय आणि मी त्या हातावर लक्ष ठेवून आहे. हात उचलला. श्वास. एकदाही चुकलं नाही. अर्ध्या तासात आटोपलं. बाहेर आल्यावर ताईंनी आधी अंगठा दाखवला, मग माझी डबी आणून हातात दिली, मी मशीन चढवेपर्यंत गप्प उभ्या राहिल्या, आणि मगच बोलल्या, “एकदम स्वच्छ आलेत फोटो.”

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. नळीच्या खालच्या टोकाला ८ मिलिमीटरचा खडा. पुढच्या आठवड्यात मिरजेला दुर्बिणीतून काढला. डोळे आता पांढरे आहेत. पैसे एकदाच घेतले, साडेसहा हजार, पावती पहिल्याच दिवशी दिली होती. सीडी आणि फिल्म दोन्ही दिलं. स्वच्छता चांगली, खोलीत थंडी बरीच असते, पांघरूण मागितलं की देतात.

माझ्यासारख्यांनी काय करावं ते दोन्ही फेऱ्यांवरून सांगतो. अपॉइंटमेंटच्या फोनवरच सांगा की कानाला मशीन आहे, आणि विचारा की श्वास रोखायचा एमआरआय आहे का. कडक झाकणाची डबी घरून न्या, रुमालात गुंडाळून ठेवू नका, रुमाल झटकला की मशीन गेलं. सेलचं झाकण उघडून ठेवा, नाहीतर डबीत मशीन शिट्टी मारत बसतं आणि सेल उतरतो. जादा सेल खिशात नको, तेही लॉकरमध्ये. सोबतच्या माणसाच्या खिशात मशीन देत असाल तर तो माणूस आत येणार नाही याची खात्री करा. आणि सूचना पूर्ण होईपर्यंत मशीन काढू नका, कुणी घाई केली तरी. हात वर करून थांबा म्हणा.

ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून ऐकण्याचं यंत्र बसवलंय त्यांनी माझ्या अनुभवावर अजिबात जाऊ नये. तो वेगळा प्रकार आहे. त्यात कातडीखाली चुंबक बसवलेलं असतं, बाहेरचा भाग काढला तरी ते आतच राहतं. काही मॉडेलना ठराविक टेस्लापर्यंत चालतं, काहींना आधी तयारी लागते. कंपनीचं कार्ड घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांशी आणि सेंटरशी आधी बोलल्याशिवाय त्या दारातून पाऊल टाकू नका. कानाचं दुसरं कुठलंही ऑपरेशन झालं असेल, आत काही बसवलं असेल, तर तेही लिहून द्या.

सेंटरच्या मालकांना विनंती आहे. फॉर्मवर कानाच्या मशीनचा छापील रकाना घाला, लाल पेनावर राहू देऊ नका. त्या ताई सुट्टीवर असतील त्या दिवशी काय, हा प्रश्न मला आहे. पहिल्या दिवशीच्या त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. त्याला ताईंच्या शेजारी बसवून एकदा शिकवा. बोळे सगळ्यांना, विचारायच्या आधी.

आणि एक तारा कशाचा कापला ते. दुसऱ्या फेरीतही टोकन तोंडानंच पुकारत होते. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, कवठेमहांकाळकडच्या, कानाला मशीन, एकट्या आलेल्या. त्यांचा नंबर तीनदा पुकारला. मी हात लावून उठवलं त्यांना. बँकेत असतो तसा लाल आकड्यांचा बोर्ड भिंतीवर बसवायला किती खर्च येतो? तो बसला की इथं खाली कळवा, पाचवा तारा त्याच दिवशी देतो.